नदीपलीकडचे कारखाने
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



लहान कारखान्यांच्या नियोजनावर बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. भट्टीची धग आम्ही सोसलेली नाही. परंतु जमशेदपुरात राहून खरकाई नदीपलीकडच्या आदित्यपुरातील कारखाने आम्ही जवळून पाहिले आहेत, आणि आपल्यांपैकी काही कुटुंबांची चूल त्यांवरच पेटते.

या कारखान्यांचे भवितव्य त्यांच्या चार भिंतींत क्वचितच ठरते. १९५६ पासून पोलादाच्या वाहतूकखर्चाचे देशभर समीकरण झाले. पोलादाच्या भट्टीशेजारी बसलेल्याला आणि पुण्याच्या कारखानदाराला ते सारख्याच भावाने मिळू लागले. आमच्या माहेरचा तो लाभ इथल्या शेजाऱ्यांचा तोटा होता, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ते धोरण गेले; पण तोवर पश्चिमेकडील कारखानदारीने पाय रोवले होते.

दुसरा प्रभाव गिऱ्हाइकाचा. मालमोटारींची मागणी मंदावली की आदित्यपुरातील पाळ्या घटतात. १ एप्रिल २०२० रोजी प्रदूषणनियमांचा पाचवा टप्पा गाळून एकदम सहावा लागू झाला. केवळ जुन्या इंजिनाचे भाग घडवणाऱ्यास साचे बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तिसरा प्रभाव आम्ही स्वतः, म्हणजे सरकार. २००६ च्या कायद्याप्रमाणे लहान कारखान्याचे बिल फार तर ४५ दिवसांत चुकते व्हावयास हवे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. मंडळातील एका तरुणाची रक्कम सात महिने अडकली होती. आम्ही त्यास हा कायदा मोठ्या उत्साहाने समजावला. तो म्हणाला, "काका, कायदा माझ्या बाजूने आहे, पण गिऱ्हाईक एकच आहे." आम्ही निरुत्तर झालो. आमच्या परिपत्रकांत या भयाला रकाना नव्हता.

म्हणून आमची विनंती एवढीच. नियोजनाच्या वहीच्या पहिल्या पानावर विक्रीचे आकडे नकोत. आपली किती भाकरी एकाच्या हाती आहे, ते लिहावे. दुसरे गिऱ्हाईक जोडावे, मग ते लहान का असेना. तीन महिन्यांचा पगार बाजूस ठेवावा. वारा आपल्या हाती नाही. पण घर किती खांबांवर उभारायचे, हे आपल्या हाती आहे.

त्या तरुणाने आता दुसरा खांब रोवला आहे. पहिले बिल मात्र अद्याप यावयाचे आहे.