पडवीतलं गॅरेज

 

आपल्या कार्यक्रमात पापड-लोणची, शिवणकाम, लेकराबाळांचं दुखणंखुपणं असे विषय नेहमी होतात. आज मी मोटारसायकलीवर बोलणार आहे. हसू नका. इस्लापूरच्या बाजाराला येताना रस्त्यात बघा, किती बाया गाडीवर दिसतात. कुणी चालवते, कुणी मागं बसते. पण गाडीचा पाना किती जणींच्या घरात आहे? माझ्याही घरात नव्हता. का आणला, ते आधी सांगते.

आमचे हे कामाला हैदराबादला असतात. दोन महिन्यांनी चार दिवस घरी येतात. मागं गाडी राहते, शंभर सीसीची, अकरा वर्षं जुनी. ती मीच चालवते. शेतातला डबा, आत्याबाईंचा दवाखाना, लेकीची शाळा, सगळं तिच्यावरच. चालवायला शिकले, पण खाली वाकून कधी बघितलं नाही. चेन महिनाभर खडखड वाजत होती. म्हणलं, हे येतील तेव्हा बघतील.

मार्च महिना, लेकीची दहावीची परीक्षा. केंद्र इस्लापूरला. घरून वेळेत निघालो. गावाबाहेरच्या चढावर खट्ट असा आवाज झाला आणि गाडीनं दमच सोडला. चेन तुटून कव्हरात गोळा झाली होती. पडलो नाही हेच नशीब. लेक एकदा घड्याळाकडं बघायची, एकदा माझ्याकडं. तोंडातून एक शब्द नाही. मागून ट्रॅक्टर आला, त्यातल्या मामांनी तिला बसवून घेतलं. पेपर सुरू व्हायला पाच मिनिटं असताना ती पोचली. मी गाडी ढकलत ढकलत दुपारी गाव गाठलं.

संध्याकाळी मिस्त्री म्हणाले, "ताई, चेनलॉकची पट्टी उडाली. चेन कोरडी ठणठणीत, वरून सैल. लॉक काय, चहा-भज्याच्या किमतीचं." त्या रात्री मला झोप लागली नाही. चहा-भज्याच्या किमतीवर लेकीचं वर्ष टांगलं होतं. आणि दोष ना गाडीचा, ना ह्यांचा. आवाज मी ऐकत होते.

तेव्हा ठरवलं, पडवीत गाडीचा एक कोपरा करायचा. शहरात त्याला घरचं गॅरेज म्हणतात. आपल्याकडं चार हात जागा पुरते.

पहिली गोष्ट जागा. गाडी डबल स्टँडवर घट्ट उभी राहिली पाहिजे. आपल्या काळ्या मातीत स्टँड रुततो आणि गाडी कलंडते. म्हणून दोन शहाबादी फरश्या सपाट बसवून घ्या. वर पत्रा किंवा छप्पर असावं, एक चांगला दिवा असावा, पण तीन बाजू बंद असलेली खोली नको. बंद जागेत इंजिन चालू ठेवलं तर धुरातला विषारी वायू साठतो. त्याला ना रंग ना वास, माणूस गुंगीत जातो. चुलीजवळही हे काम नको. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दुरूनही पेट घेते.

दुसरी गोष्ट हत्यारं. सगळी एका दिवसात आणायची नाहीत. आधी सीटखाली किंवा बाजूच्या डब्यात कंपनीनं दिलेलं टूलकिट आहे का बघा. जुन्या गाडीत बहुधा पिशवीच रिकामी असते. मग दोन तोंडी पान्यांचा संच घ्या. त्यात दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, सोळा-सतरा आणि अठरा-एकोणीस एवढे तरी हवेत. जास्तीत जास्त काम दहा, बारा आणि चौदा नंबरचे पाने करतात. एक पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा पेचकस, स्पार्क प्लगचा पाना, जुना टूथब्रश, सुती चिंध्या आणि एक घमेलं. हे सगळं पत्र्याच्या जुन्या ट्रंकेत मावतं. बोल्टवर ढिला बसणारा पाना वापरू नका. कडा झिजतात आणि पुढं तो बोल्ट मिस्त्रीलाही दाद देत नाही.

गाडीसोबत आलेलं पुस्तक शोधून त्याच ट्रंकेत ठेवा. लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडेल! हवा किती, ऑइल किती, चेन किती सैल, सगळं त्यात लिहिलेलं असतं.

आता कामं. पहिलं काम चेनचं, कारण माझा धडा तोच.

पावसाळ्यात आपली चिकट माती चेनमध्ये जाऊन बसते. चेनकव्हरला एक रबरी बूच असतं, ते काढून आत बघता येतं. इंजिन बंद ठेवून, मागचं चाक हातानं फिरवत, ब्रशनं चेन साफ करायची. रॉकेल आता सहजी मिळत नाही, थोडं डिझेल चालतं. पेट्रोल नको. पुसून कोरडी झाली की चेनचं ऑइल सोडायचं. एक गोष्ट पदर खोचून, वेणी मागं बांधून ऐका. इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसायची नाही. असं करताना बोटं गेलेली माणसं आहेत.

चेन मधोमध बोटानं वर-खाली करून बघा. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत दोन ते तीन सेंटिमीटर हालचाल चालते, म्हणजे साधारण दीड बोट. त्याहून जास्त असेल तर मागच्या चाकाचा मोठा नट ढिला करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवायचे. दोन्हीकडं खुणा असतात, त्या जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. नट परत घट्ट आवळायचा आणि ब्रेक तपासायचा, कारण चाक सरकलं की ब्रेकही बदलतो. चेनलॉक बसवताना त्याच्या पट्टीची बंद बाजू चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवी. उलटी बसली तर कुठं अडकून निसटू शकते. ट्रंकेत एक जादा लॉक ठेवा. मी आता दोन ठेवते.

दुसरं काम हवेचं. पायानं मारायचा पंप आणि हवा मोजायचं छोटं मीटर घ्या. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. डबलसीट जाताना मागच्या चाकात जास्त हवा लागते, आकडा पुस्तकात असतो. मागं आत्याबाई आणि पुढं तांदळाची पिशवी असली की आपली गाडी डबलसीटच समजायची. कमी हवेवर टायर कडेला चिरतो आणि गाडी वळणावर लोळते.

तिसरं काम ब्रेकचं. ड्रमच्या ब्रेकला मागच्या चाकाजवळ, लांब दांडीच्या टोकाला एक नट असतो. तो अर्धा-अर्धा फेरा फिरवत पायडल नीट करायचं. पायडल दोनेक सेंटिमीटर खाली गेल्यावर ब्रेक लागायला हवा आणि सोडल्यावर चाक मोकळं फिरायला हवं. बऱ्याच गाड्यांत ड्रमवर एक बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो बाण शेजारच्या खुणेला टेकला की ब्रेक शू संपले, आता नट फिरवून भागणार नाही. आणि चेनला सोडलेलं ऑइल ब्रेकवर उडू देऊ नका. 1 एप्रिल 2019 पासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस असतोच. जोडब्रेकमध्ये पायानं ब्रेक मारला तरी पुढचा थोडा लागतो. अशा गाडीचे ब्रेक माहीतगार माणसाकडूनच जुळवून घ्या.

चौथं काम ऑइल. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करायचं, थोडं थांबायचं. गाडी सरळ डबल स्टँडवर ठेवून पट्टी काढून पुसायची, परत घालून बघायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. पट्टी पिळून बसवायची की नुसती टेकवायची, हे पुस्तकात बघा. माझ्या गाडीत नुसती टेकवतात. बदलताना मोटारसायकलचंच ऑइल घ्या. डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-2 असं लिहिलेलं असतं. गिअरच्या गाडीचा क्लच ऑइलातच असतो, कारचं ऑइल घातलं तर तो घसरू शकतो. स्कूटीचं वेगळं, तिच्या डब्यावर एमबी असतं. खालचा बोल्ट बसवताना जोर दाखवू नका, आटे गेले की मोठा खर्च निघतो. निघालेलं काळं ऑइल नालीत, विहिरीजवळ की शेतात ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या. तेच पाणी आपली जनावरं पितात.

आता एक खास आपली गोष्ट. मागच्या चाकाला जी जाळी असते तिला साडीगार्ड म्हणतात. दिसायला बरी दिसत नाही म्हणून पोरं ती काढून टाकतात. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये 123 क्रमांकाचा नियमच आहे: मागं बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही एवढं चाक झाकणारं गार्ड. पदर चाकात गेला की बाई मागं ओढली जाते, सावरायला क्षणही मिळत नाही. तेव्हा गाडी कुणाचीही असो, बसण्याआधी जाळी बघा. नसेल तर म्हणा, "दादा, आधी जाळी लाव, मग बसते." आणि आपल्या गाडीच्या जाळीचे नट दर महिन्याला आवळा. काम पाच मिनिटांचं.

सगळं घरी करायचं असंही नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 च्या गाड्या आल्या. त्यांत बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर उघडत बसू नका, जाणत्याकडं न्या. इंजिन, क्लच प्लेट, डिस्कब्रेकचं तेल ही कामंही त्यांचीच. आपण चेन, हवा, ऑइल, ब्रेकची तपासणी, केबल आणि बल्ब एवढं सांभाळलं तरी रस्त्यात अडकायच्या वेळा पुष्कळ कमी होतात. शिवाय मिस्त्रीकडं गेल्यावर काय बदललं, का बदललं, हे विचारता येतं. जुना पार्ट मागून घ्या. मागितल्यावर कुणी रागवत नाही.

खर्च म्हणाल तर मी सहा महिन्यांत थोडं थोडं करून सगळं जमवलं. पंप आमच्या बचत गटानं मिळून घेतला, तो पाच घरांत फिरतो. एक वही ठेवली आहे: कोणत्या तारखेला किती किलोमीटरवर ऑइल बदललं, चेन कधी आवळली. लेक लिहिते. तिचं अक्षर चांगलं आहे आणि ती आता माझ्याहून लवकर पाना ओळखते.

पहिल्यांदा मी पाना हातात घेतला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हे काय बाईमाणसाचं काम?" मी काही बोलले नाही. मग एक दिवस पावसात दवाखान्याला निघताना त्यांनीच विचारलं, "चेन बघितली का गं?" मी म्हणलं, "बघितली, आत्याबाई." तेव्हा त्या निवांत मागं बसल्या.

खंडेनवमीला आपण गाडी धुतो, हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो. कोयता, खुरपं, विळा पूजेला मांडतो. औंदा त्यांच्या शेजारी दहा, बारा आणि चौदा नंबरचे पाने मांडा. आणि पूजा झाली की ते ट्रंकेत बंद करून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सोनं लुटायला निघण्याआधी, चेनवर एक बोट ठेवून बघा.

तुमची गाडी वाटेत थांबू नये, एवढंच मागणं.