मागं बसणाऱ्यांचं देणं



डिसेंबर लागला की आमच्या शेंदूरजनाघाटात आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या भरताना दिसतात. त्याच दिवसांत वऱ्हाडातल्या ख्रिस्ती वस्त्यांमधून नाताळच्या भजनांची तालीम ऐकू येते. मी पेटी वाजवतो. खंजिरी भजन असो, वारकरी भजन असो, की नाताळचं भजन असो, बोलावणं आलं की पेटी उचलून निघतो. आज मला बोलायचं आहे ते ख्रिस्ती कलावंतांविषयी. कवी, कीर्तनकार, चित्रकार, आणि त्यांच्या मागं बसून झांज धरणारे साथीदार, यांनी एकत्र येऊन आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सेवाकार्याला जो हात दिला, त्याची गोष्ट आपल्याकडं पुरेशी सांगितली गेलेली नाही. सांगितली तर एखाद्याच मोठ्या नावाची सांगितली जाते. मला ती घोळक्याची गोष्ट वाटते.

नाव घ्यायचं तर पहिलं कवी नारायण वामन टिळकांचंच घ्यावं लागेल, आणि त्यात आपल्या विदर्भाचाही वाटा आहे. टिळक नागपूरला होते, अप्पासाहेब बुटींकडं काम करत होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. कवितेवरून गप्पा निघाल्या, धर्मावर गेल्या, आणि उतरण्याआधी त्या गृहस्थानं त्यांच्या हातात बायबल ठेवलं. पुढं १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण टिळक अहमदनगरला जाऊन मिशनच्या कामाला लागले, तेव्हा तिथं ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पडलेली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे नावाचे एक गुणी गृहस्थ त्या भागात येशूची आख्यानं कीर्तनातून लावत होते, पदं रचत होते. टिळकांच्या प्रतिभेला तयार श्रोते मिळाले, तयार साथीदार मिळाले, ते सांगळ्यांसारख्या माणसांमुळं.

ख्रिस्ती कीर्तन ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कीर्तनकार उभा, मागं पेटी आणि तबला, दोन्ही बाजूंना झांजा घेतलेले चार-सहा जण. सुरुवातीला नमन. मग पूर्वरंगात एखादा विषय घ्यायचा, क्षमा म्हणा, लोभ म्हणा. उत्तररंगात आख्यान, आणि ते बहुधा बायबलातल्या उधळ्या पुत्राचं किंवा चांगल्या शोमरोन्याचं. साकी, दिंडी, ओवी, अभंग, सगळं आपलंच. कीर्तनकाराचा श्वास संपतो तिथं झांजवाले ध्रुपद उचलतात, आणि तेवढ्या वेळात त्याला पुढचं वाक्य सुचतं. श्रोत्याला हे कळत नाही. पेटीवाल्याला पक्कं कळतं. आख्यान रंगात आलं असताना ध्रुपद अर्धी मात्रा उशिरा उचललं गेलं, तर शोमरोनी गाढवावरून उतरायच्या आतच लोकांचं लक्ष उडतं.

आमच्या गावात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट इथल्या मातीत मुरलेला असतो, म्हणून वरचं फळ टिकतं. ख्रिस्ती कीर्तनाचं तसंच झालं. खुंट नामदेव-तुकारामांनी लावलेला होता.

टिळकांच्या घरात अनाथ मुलं वाढली, विद्यार्थी राहिले, बालकवींसारखा पोरगेला कवी राहून गेला. त्या सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. सेवाकार्य म्हटलं की आपल्याला इमारत दिसते, फलक दिसतो. त्या घरात तर कविता आणि अनाथांचं पोट एकाच चुलीवर सांभाळलं जात होतं. आणि १९१७ साली टिळकांनी एक गोष्ट केली, जी कलावंत म्हणून मला फार मोठी वाटते. अमेरिकन मराठी मिशनचं पगारी काम त्यांनी सोडलं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. सेवा करायची ती पगारासाठी नाही, परक्या पैशाच्या आधारावर नाही, हा त्यांचा आग्रह होता. दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये ते गेले. दरबार फार वाढला नाही. पण गाणाऱ्यानं आणि लिहिणाऱ्यानं आधी स्वतःच्या खिशाला हात घालावा, हे त्यांनी करून दाखवलं.

त्यांच्यामागं ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तावरचं काव्य अपुरं राहिलं होतं. आरंभीचे अध्याय टिळकांचे. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला रीतसर शाळा अशी मिळालीच नव्हती, तिनं ओव्यांमागून ओव्या रचल्या. १९३६ च्या फेब्रुवारीत त्याही गेल्या, तेव्हा शेवट बाकी होता, तो मुलानं, देवदत्त टिळकांनी पुरा केला. १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. एक काव्य, आणि त्याला तीन हात. लक्ष्मीबाई नुसत्या लिहून थांबल्या नाहीत, त्या उतारवयात ख्रिस्तायनावर कीर्तनं करत फिरल्या. एका बाईनं उभं राहून कीर्तन करायचं, तेही त्या काळात! त्यांची आठवणींची ‘स्मृतिचित्रे’ सगळेच वाचतात, वाचायलाच हवीत, पण झांजांच्या मधोमध उभ्या असलेल्या लक्ष्मीबाईही डोळ्यांपुढं असू द्याव्यात.

पंडिता रमाबाईंच्या केडगावची गोष्टही याच रांगेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. म्हणजे आमच्या घाटापलीकडच्या मुलखात. उपाशी, निराधार मुली त्यांनी सोबत आणल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली विणायला शिकल्या, गायला शिकल्या, छापखान्यात काम करायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, त्याची छपाई तिथंच झाली आणि खिळे जुळवायला याच घरातल्या मुली-बायका होत्या. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये वारल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. खिळे जुळवणं ही कला आहे की नाही, यावर वाद घालणारे घालोत. उलटं अक्षर वाचून ओळ नीट बसवणाऱ्या बोटांना मी तरी कलावंताचीच बोटं म्हणेन.

आता चित्रांकडं येतो. जॅक विन्स्लो नावाचे एक इंग्रज धर्मगुरू महाराष्ट्रात होते. टिळकांचं इंग्रजी चरित्र त्यांनीच १९२३ साली लिहिलं. त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला आणि पुढं पुण्यात शिवाजीनगरला आश्रम बांधला. त्या आश्रमात एक गोमंतकीय चित्रकार येऊन राहिला, आंजेलो द फोन्सेका. १९०२ चा जन्म, सांतु इस्तेव्ह बेटावरचा. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली शिकलेला. गोव्यात परत गेला आणि त्यानं मरिया काढली ती साडी नेसलेली, सावळी, आपल्या अंगणात दिसावी तशी. लोक संतापले. त्याला आपलंच गाव सोडावं लागलं. तो कॅथलिक, विन्स्लोंचा आश्रम अँग्लिकन, तरी त्याला तिथं छप्पर मिळालं, भिंत मिळाली, रंगांना उजेड मिळाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनी त्याला सतत बळ दिलं. १९६७ साली फोन्सेका वारले. त्यांच्या पत्नीनं त्यांची चित्रं जपली, आणि आज ती गोव्यात पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. मंडळीच्या कामाला कलावंतानं मदत करावी असं आपण म्हणतो. पण मंडळीनंही कलावंताच्या पाठीशी उभं राहायचं असतं, आणि तेही तो टीकेत सापडलेला असताना.

सगळ्यांनी मिळून गाऊन दानधर्म कसा होतो, याचा एक नमुना आयर्लंडातला आहे. १३ एप्रिल १७४२, शहर डब्लिन. हँडेल नावाच्या संगीतकाराची ‘मेसाया’ ही मोठी रचना त्या दिवशी पहिल्यांदा लोकांसमोर सादर झाली. गायक आले ते शहरातल्या दोन मोठ्या चर्चच्या गायकवृंदांतून. त्यातल्या एकाचे प्रमुख होते जोनाथन स्विफ्ट, ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’वाले. आपल्या गायकांना पाठवायला त्यांनी आधी साफ नकार दिला होता, मग मन वळलं. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी घेरदार घागऱ्यांखालचे सांगाडे घालू नयेत आणि पुरुषांनी कमरेला तलवार लावू नये, अशी विनंती आधीच छापली होती. तेवढीच जास्त माणसं मावली. आलेला पैसा तीन ठिकाणी गेला, दोन दवाखान्यांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या कैद्यांच्या सुटकेला. सुमारे ४०० पौंड जमले आणि १४२ कैदी घरी गेले. पुढं लंडनला हीच रचना टाकून दिलेल्या मुलांच्या अनाथालयासाठी पुन्हा पुन्हा गायली गेली. हँडेलनं मृत्युपत्रात तिच्या स्वरलिपीची प्रत त्या अनाथालयाला देऊन टाकली.

मला यात सगळ्यात आवडतो तो पैशाचा चोखपणा. पैसा कुठं जाणार हे गाण्याआधीच ठरलेलं होतं. आपल्याकडं अनेक चांगले कार्यक्रम इथंच फसतात. आधी हॉलचं भाडं, मग मंडप, मग साउंडवाला, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ, आणि उरलं तर दवाखान्याला. उरत काहीच नाही. मग झांजवाल्याच्या हातात प्रवासखर्चही पडत नाही आणि पुढच्या वर्षी तो येत नाही. त्याला दोष कसा द्यावा?

वऱ्हाडात तर आपल्याला हे शिकवायला गाडगेबाबा होऊन गेले. डिसेंबरच्या २० तारखेलाच त्यांची पुण्यतिथी. लिहिता-वाचता न येणाऱ्या या माणसाच्या कीर्तनातून पंढरपूर-नाशकात धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि त्यातला पैसा त्यांनी स्वतःच्या घराकडं वळू दिला नाही. ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही एक सुंदर रीत आहे, हंगामाच्या सणाची. शेतातलं पहिलं पीक देवापुढं आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. कुणी तुरीची पायली आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. आमच्या बाजूला संत्र्याची टोपली हमखास असते. भाव बाजाराच्या कितीतरी वर जातो, कारण घेणारालाही देणगीच द्यायची असते. लिलाव चालू असताना भजनं म्हणतात. बोली थांबली की भजनवाले आवाज चढवतात आणि बोली पुन्हा सुरू होते. संगीतानं दानाला कसा हात द्यावा, याचं याहून खरं उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून एक सूचना मांडतो. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशननं चालवलेला कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. अमरावतीला दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली उभं केलेलं तपोवन आहे. एक ख्रिस्ती सेवेतून आलेलं, एक गांधीजींच्या विचारातून, पण दोन्हींकडं जखम बांधणारे हात सारखेच. वरूड, मोर्शी, अचलपूर, अमरावती इथल्या ख्रिस्ती भजनी मंडळांनी वर्षातून एक संध्याकाळ एकत्र बसावं. गुरुदेव सेवा मंडळाच्या खंजिरीवाल्यांनाही बोलवावं. ताट फिरवण्याआधी सांगावं की अर्धं कोठाऱ्याला, अर्धं तपोवनाला. सगळ्यांसमोर मोजावं. गाणाऱ्यांनी चहा आणि एसटीचं तिकीट एवढंच घ्यावं. शाल-श्रीफळ नको.

आणि त्याच संध्याकाळी आणखी एक काम होऊ शकतं. मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांना टिळक-सांगळ्यांच्या पदांच्या जुन्या चाली येतात. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतपुस्तकात शब्द छापलेले आहेत, पण अनेक चाली अजून फक्त गळ्यात आहेत. कुणीतरी मोबाइल पुढं धरून त्या भरून घ्याव्यात.

मंडळांशी मी बोलतोच आहे. ढोलकीवाले तयार आहेत, झांजवालेही. पहिली तालीम कुठं घ्यायची, एवढंच ठरायचं आहे. जागा कुणी देत असेल तर पेटी मी घेऊन येतो.