मुलाची पहिली हॉकीस्टिक
(महोत्सवी संमेलनात केलेले भाषण)



आपल्या न्यासाच्या महोत्सवात शिष्यवृत्त्या, ग्रंथालय, वसतिगृह अशा भारदस्त विषयांवर बोलणे झाले. त्यांच्या पंगतीत हॉकीच्या काठीला पाट मांडल्याबद्दल आपण हसाल. परंतु या काठीपायी आमच्या हातून एक चूक घडली. ती आज आपल्यापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हॉकी आपल्या माळव्याला परकी नाही. 1948 साली लंडन येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचे कप्तान किशनलाल हे महूचे. 1956, 1960 आणि 1964 या तिन्ही ऑलिंपिकांत गोल राखणारे शंकर लक्ष्मण हेही महूचेच. उज्जैन ज्या शिंदेशाही संस्थानात होते, त्याच्याच सैन्यात कॅप्टन रूपसिंह होते. 1932 साली अमेरिकेविरुद्ध भारताने 24 गोल केले, त्यांतील 10 एकट्या रूपसिंहांचे. अशा मुलखातील आजोबाला नातीने हॉकी खेळावी असे वाटले, तर नवल ते काय?

नात दहा वर्षांची, उंची 4 फूट 4 इंच. आम्ही दुकानात एकटेच गेलो आणि मोठ्या माणसाची साडेछत्तीस इंची स्टिक घेऊन आलो. हिशेब असा, की दिवाळीचा परकर जसा वाढत्या अंगाचा शिवावा, तशी काठीही वाढत्या अंगाची घ्यावी. चार वर्षे पाहावयास नको. मुलगी खाली वाकली की मूठ पोटात रुते, म्हणून ती ताठ उभी राही. ताठ उभी राही, म्हणून चेंडू निसटे. दोन महिन्यांनी तिने स्टिक दाराआड ठेवली. आम्ही म्हणालो, "पोरीत चिकाटी नाही." काठी लांब आहे, हे शिकविणाऱ्या गुरुजींनी दाखवून दिले, तेव्हा आमचे डोळे उघडले. दोष काठीचा, आणि बोल लागला लेकराला!

तेव्हा आमच्या अनुभवाचे चार शब्द ऐकावेत. पहिली गोष्ट, मुलाला बरोबर न्यावे. खेळायचे बूट घालून त्याला सरळ उभे करावे आणि स्टिक जमिनीवर शेजारी टेकवावी; तिचे टोक कमरेच्या हाडाच्या आसपास यावे. साधारणपणे 4 फूट उंचीला 28 ते 30 इंच, साडेचार फुटांना 32 आणि 4 फूट 10 इंचांना 34 इंच पुरते. मग दोन्ही हातांनी धरून वाकावयास सांगावे. मूठ पोटाला अडली, तर एक माप खाली यावे.

दुसरी गोष्ट वजनाची. हॉकीत डावा हात वर असतो आणि तोच काठी फिरवतो, कारण चेंडू सपाट बाजूनेच खेळावा असा नियम आहे. जड काठी कोवळ्या मनगटाने फिरत नाही. सुमारे 500 ग्रॅमची हलकी स्टिक लहान मुलाला बरी. मूल डावरे असले तरी निराळी काठी मागू नये. सपाट बाजू सर्वांची डावीकडेच असते.

तिसरी गोष्ट, किमतीला भुलू नये. तुतीच्या लाकडाची साधी स्टिक किंवा काचतंतूची स्टिक शिकाऊ हाताला पुरते. कार्बन अधिक असलेली काठी ताठ असते. तिचा झटका हातांना बसतो. वाचलेल्या पैशांत नडगीची ढाल आणि दातांचे संरक्षक घ्यावे. चेंडू 156 ते 163 ग्रॅमचा आणि टणक असतो, हे आईबापांनी विसरू नये. लाकडी स्टिक पावसात भिजली तर पुसून सावलीत वाळवावी.

आता कोणी म्हणतील, मूल दरवर्षी वाढणार, दरवर्षी नवी काठी कोठून आणावी? प्रश्न रास्त आहे. खडकीच्या धनराज पिल्ले यांनी लहानपणी मोडक्या काठ्यांवर सराव केला आणि पुढे चार ऑलिंपिक गाजविली. म्हणजे जुनी काठी कमीपणाची नव्हे. आमची विश्वस्तांस विनंती आहे, की ग्रंथालयात एक कपाट अशा स्टिकांसाठी द्यावे. ज्या मुलाला काठी आखूड झाली, त्याने ती तेथे ठेवावी आणि आपल्या मापाची न्यावी. प्रत्येकीवर इंचांचा आकडा लिहावा. पहिली साडेछत्तीस इंची स्टिक आमच्या घरून येईल. ती अजून कोरी आहे.

नातीचे काय झाले, असे आपण विचाराल. 32 इंची स्टिक आणून दिली, तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराआड पाहिले, तर स्टिक जागेवर नव्हती.