उताऱ्यावरचे नाव आपले आहे का?

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी वक्ता नाही. बी. कॉम. होऊन बँकेत चिकटलो, तो आजवर कारकूनच आहे. गेली काही वर्षे कर्जाच्या टेबलावर बसतो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आपली माणसे कर्जासाठी येतात, पिशवीतून कागद काढतात आणि माझ्यासमोर ठेवतात. त्या कागदांविषयीच मला आज बोलायचे आहे.

आधी चांगले काय झाले ते सांगतो, कारण नुसती तक्रार करणे न्यायाचे नाही. २००० च्या सुमारास कर्नाटक सरकारने ‘भूमी’ प्रकल्प आणला. सुमारे दोन कोटी उतारे आणि ६७ लाख खातेदारांची नोंद संगणकावर गेली. हाताने लिहिलेला उतारा बंद झाला. त्यापूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या किती पायऱ्या झिजवल्या, हे इथल्या वडीलधाऱ्यांना विचारा. नंतर तालुक्याच्या खिडकीवर पंधरा रुपयांत उतारा मिळू लागला. २००३ पासून सब-रजिस्ट्रार कचेऱ्यांत ‘कावेरी’ ही संगणक व्यवस्था आली आणि २०२३ मध्ये तिची नवी आवृत्ती. आता खरेदीखताचा मसुदा घरून पाठवायचा, त्याची तपासणी झाली की पैसे भरायचे, वेळ घ्यायची आणि सही-अंगठ्यापुरते कचेरीत जायचे. व्यवहार नोंदला की त्याची माहिती आपोआप ‘भूमी’कडे जाते आणि फेरफाराचे काम सुरू होते. बँकेलाही कर्जाचा बोजा उताऱ्याच्या अकराव्या रकान्यात चढलेला दिसतो. एकाच जमिनीवर तीन बँकांकडून कर्ज काढणारे महाभाग पूर्वी असत, त्यांची आता पंचाईत झाली आहे. हे सगळे चांगलेच आहे.

मग अडचण कुठे आहे? संगणक चूक दुरुस्त करत नाही. वहीत जे होते तेच तो दाखवतो आणि चुकीचे असले तरी ते सुबक अक्षरांत छापून देतो. छापलेले खरे, असे समजायची आपल्याला सवय आहे.

आपल्या भागातल्या वह्यांचा इतिहास आपण जाणता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो. आपल्या घरांतले जुने कागद मराठीत आहेत, त्यातले कितीतरी मोडीत. पुढे उतारे कानडीत आले. मराठी नाव कानडीत लिहिताना ‘घ’चा ‘ग’ झाला, ‘भ’चा ‘ब’ झाला. आमच्याकडे एक घाडी आडनावाचे गृहस्थ आले होते. उताऱ्यावर त्यांची ‘गाडी’ झाली होती. आम्ही हसलो, तेही हसले. पण त्या गाडीवर पीककर्ज मिळेना, तेव्हा त्यांचे हसू गेले. कुणाच्या उताऱ्यावर आडनावच नाही, कुणाच्या उताऱ्यावर गावातले हाकेचे नाव. वहीच्या काळात तलाठी माणसाला ओळखत होता, म्हणून निभावून गेले. संगणक कुणाला ओळखत नाही. २०२४ पासून उताऱ्याला आधार क्रमांक जोडण्याचे काम सरकारने हाती घेतले, आणि दोन्हीकडची नावे जुळत नाहीत हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले.

ही दुसऱ्यांचीच गोष्ट आहे असे नाही. माझ्या घरचे सांगतो. आमची वडिलोपार्जित जमीन दोन एकर दहा गुंठे. आजोबांचे नाव बाळकृष्ण, गावात सगळे बाळू म्हणत. उताऱ्यावर वडिलांचे नाव ‘रामचंद्र बाळू’ असे लागले होते आणि आधारवर ‘रामचंद्र बाळकृष्ण’. वडील वारले. आम्ही वारसासाठी अर्ज केला. बाळू आणि बाळकृष्ण एकच कशावरून, म्हणून अर्ज परत आला. रोज दुसऱ्यांचे उतारे तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरचा उतारा वीस वर्षांत एकदाही नीट वाचलेला नव्हता, ही माझी चूक मी इथे कबूल करतो.

त्याच वर्षी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन ठरले होते. दहा गुंठे विकून पैसा उभा करायचा बेत होता. नावच लागेना, तर विकणार काय? दुसऱ्यांच्या सोनेतारणाच्या पावत्या लिहिणारा मी, पत्नीचे दागिने रुमालात बांधून रांगेत उभा राहिलो. शेवटी माळ्यावरच्या ट्रंकेत १९५२ चा वाटणीचा कागद सापडला. तो मोडीत. घरात वाचणारे कुणी नाही. एका निवृत्त मास्तरांनी तो वाचून देवनागरीत उतरवून दिला. त्यात ‘बाळकृष्ण उर्फ बाळू’ असे स्पष्ट लिहिले होते. त्या तीन शब्दांनी आमचे काम झाले. त्याला चौदा महिने लागले.

आता पुढचे ऐका. हा बदल आता सगळ्या देशात होत आहे. जुना नोंदणी कायदा १९०८ चा. त्या कायद्याने दस्ताची नोंदणी होते. मालकी खरी की खोटी याची हमी सरकार देत नाही. ती शेवटी दिवाणी न्यायालयातच ठरते. केंद्राने २००८ मध्ये भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तोच पुढे डिजिटल इंडियाच्या नावाने चालू राहिला. नोंदच मालकीचा पक्का पुरावा व्हावी, हे त्यामागचे दूरचे उद्दिष्ट. मे २०२५ मध्ये केंद्राच्या भूसंसाधन विभागाने नव्या नोंदणी विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात दस्त ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे. विक्रीचा करार आणि कागद ठेवून बँकेकडे केलेले गहाण यांचीही नोंदणी सक्तीची करावी, असे त्यात सुचवले आहे. उद्या नोंद हाच पुरावा ठरला, तर चुकीची नोंदही पुरावाच ठरेल. म्हणून दुरुस्ती करायची ती आजच करायला हवी.

कर्नाटकात ‘भू सुरक्षा’ योजनेखाली तालुक्याच्या दप्तरखान्यातले जुने कागद स्कॅन होत आहेत. हे काम मोलाचे आहे. पण मोडी कागदाचे चित्र पडद्यावर आले म्हणून तो वाचता येईलच असे नाही. वाचणारा माणूस लागतो, आणि तशी माणसे आता थोडीच उरली आहेत.

सीमाप्रश्नाबाबत आपली भूमिका ठरलेली आहे आणि २००४ पासून तो दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर उतारा थांबत नाही आणि वारसही थांबत नाहीत. कानडीशी आपले वैर नाही. माझे निम्मे सहकारी कानडी आहेत आणि माझा अर्ज त्यांच्यातल्याच एकाने लिहून दिला. पण ज्या नोटिशीला हरकत घ्यायची ती नोटीस आपल्याला वाचता आली पाहिजे, एवढे मागणे गैर नाही. घटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे आपल्या भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जिथे पंधरा-वीस टक्के आहे, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने १९५६ मध्येच मान्य केले आहे. मंडळाने या आधारावर दोन मागण्या लेखी कराव्यात: फेरफाराच्या नोटिशी मराठीतही लावाव्यात, आणि नावांच्या दुरुस्तीसाठी गावोगाव शिबिरे घ्यावीत. दाद लागली नाही, तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जावे.

पण सगळे सरकारवर टाकून चालणार नाही. घरी जाऊन आपण तीन कामे करावीत.

पहिले, या महिन्यात आपला उतारा काढा आणि कानडी येणाऱ्या माणसाकडून अक्षर न् अक्षर वाचून घ्या. नाव, क्षेत्र, अकराव्या रकान्यातला बोजा, सगळे पाहा. फिटलेले कर्ज अजून तिथे दिसत असेल, तर बँकेकडून दाखला घेऊन ते कमी करून घ्या.

दुसरे, वडील हयात असताना वंशावळ लिहून ठेवा आणि तीत बहिणींची नावे घाला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. बहिणीला वगळून लावलेला वारसा पुढे कोर्टातच जातो, आणि तो जावाही.

तिसरे, ट्रंका उघडा. मोडी कागद वाळवीला देऊ नका. मोडी वाचणारे जे चार-पाच जण आपल्यात आहेत, त्यांना मंडळाच्या खोलीत महिन्यातून एक रविवार बसवू या. कॉलेजातली चार मुले त्यांच्या शेजारी शिकायला बसवू या. चहाचा खर्च मी करीन.

आईचे ऑपरेशन झाले. ती आता काठी न घेता देवळात जाते. दागिने अजून सुटायचे आहेत. तुमच्या घरच्या दागिन्यांवर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी आज बोललो. काही चुकले असेल तर क्षमा करावी.

जय हिंद, जय महाराष्ट्र.