बगलेतून मध्याकडे
पटाचा मध्य आधी प्याद्यांनी व्यापावा, असे आपण शिकत आलो. १९२४ साली न्यूयॉर्क येथे रेटीने प्रथम घोडा काढला, मग वजिराच्या बाजूच्या उंटाचे प्यादे. दोन्ही उंट बगलेतून लांब कर्णांवर रोखले आणि आठ वर्षे अपराजित असलेल्या जगज्जेत्या कापाब्लांकाला हरविले. त्याने मध्य सोडला नव्हता. दुरून धरला होता.

प्रतिपक्षाची प्यादी पुढे सरकली की त्यांच्या आधारावरच घाव घालावयाचा, ही यातली योजना. तो वेळीच घातला नाही, तर आपलीच मोहरी कोंडतात.

संघटनेचेही तसेच. अकोला-अमरावतीच्या जिनांतला कामगार आधी वस्तीवस्तीतून जोडावा. पण मागणी मांडण्याचा दिवस टाळीत बसू नये. तयारी म्हणजे लढा नव्हे.