छायेची स्पष्टता



धुळे-सोलापूर रस्त्याला केज-अंबाजोगाईचा रस्ता जेथें मिळतो, तें मांजरसुंबा गांव बालाघाटाच्या डोंगरांत आहे. घाटांत धुकें दाटलें म्हणजे दिवा जितका प्रखर करावा तितकें धुकेंच पांढरें होतें, रस्ता मात्र दिसत नाहीं. क्ष-किरणांनीं चित्र घेणाऱ्यापुढेंही असाच प्रश्न असतो.

१८९५ सालीं राँटजेन यांनीं वुर्त्सबुर्ग येथें हे किरण शोधून काढले व पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. अस्थि व अंगठी ठसठशीत उमटलीं, मांस मात्र फिकें राहिलें. अस्थींतील कॅल्शियम किरण पुष्कळ शोषून घेतें. मांस, मेद व ग्रंथि यांत तसा भेद थोडा. स्तनांतील लहानशी गांठ याच थोड्या भेदांत लपून बसते. ती वेळेवर दिसली तर प्राण वांचूं शकतात.

अस्पष्टतेचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. किरणांचा उगम मोठा असला तर छायेची कड पसरते. म्हणून स्तनचित्रणांत तो सुमारें ०.३ मिलिमीटर, व अधिक बारकाव्यासाठीं ०.१ मिलिमीटर ठेवतात. दुसरें, शरीरांत विखुरलेले किरण धुक्याप्रमाणें चित्रावर पसरतात. त्यांस अडविण्यासाठीं बकी यांनीं १९१३ सालीं शिशाच्या पट्ट्यांची जाळी योजिली. तिसरें, रुग्णाची हालचाल. केवळ किरण वाढविणें हा उपाय नव्हे, कारण ते पेशींस अपाय करितात.

आतां एक निराळा मार्ग निघाला आहे. ऊतकांच्या सीमेवर क्ष-किरण किंचित् वळतात. ग्राहक पडदा शरीरापासून कांहीं अंतरावर ठेवला, तर तें वळण कडेवर उजळ व काळ्या रेघेच्या रूपानें दिसतें. यासाठीं अतिशय लहान उगमाचे किरण लागतात. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रांतील इंडस-२ हें १७२.५ मीटर परिघाचें यंत्र असे किरण देतें. इटलींत त्रिएस्त येथें २००६ सालीं या रीतीनें स्त्रियांची स्तनतपासणी सुरू झाली. तथापि ही रीत अद्यापि बहुतांशीं संशोधनशाळेंतच आहे.

मांजरसुंब्याच्या स्त्रीस तपासणीसाठीं बीड किंवा अंबाजोगाई गांठावें लागतें. तेथें स्तन दाबून धरितात व क्षणभर श्वास रोखावयास सांगतात. हा जाच नव्हे. दाबल्यानें जाडी घटते, विखुरणें कमी होतें आणि किरणही थोडे पुरतात. ती स्थिर राहिली तर हालचालीमुळें चित्र पुन्हा घ्यावें लागत नाहीं.