कॅनडाखालची तिरपी रेघ

एक भूपट्ट दुसऱ्याखाली आजही बुडत असेल, तर त्याचा माग भूकंपच दाखवतात. जपानच्या समुद्रातल्या खंदकापासून आशियाकडे सरकत जावे, तसतसे भूकंप खोल खोल होत जातात. अडचण आहे ती कधीच थांबलेल्या निमज्जनाची, म्हणजे अशा बुडण्याची. तिथे खंदक भरून गेलेला, ज्वालामुखी झिजून सपाट झालेले, भूकंपही नाहीत. मग एखाद्या खंडाच्या पोटात बुडालेला सागरतळ आहे, असे कशाच्या बळावर म्हणायचे? कॅनडाच्या लिथोप्रोब प्रकल्पाने याचे एक उत्तर दिले. वजनदार ट्रक पोलादी पाटा टेकवून जमीन थरथरवत आणि खालून परतणारे पडसाद ग्राहकांची लांबलचक रांग टिपून घेई. १९९६ साली वायव्य कॅनडात, ग्रेट बेअर पट्ट्याखाली, कवचाच्या तळाशी सुरू होऊन पूर्वेकडे, खालच्या प्रावरणात उतरणारी एक तिरपी रेघ या पडसादांच्या चित्रात उमटली. ती सुमारे १०० किलोमीटर खोलीपर्यंत जाते.

यावर पहिला आक्षेप असा, की बुडालेला थर ओळखू येतो तो त्याच्या थंडपणामुळे. १८० कोटी वर्षांत तो थंडपणा उरेलच कसा? उरत नाहीच. पण खडक उरतो. सागरतळाच्या बेसॉल्टचे दाबाखाली एक्लोगाइट होते, ते भोवतालच्या प्रावरणाहून जड असते आणि त्या सीमेवरून लहरी परततात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तिरपी रेघ म्हणजे नंतरची एखादी भेग किंवा घुसलेला शिलारसही असू शकेल. खरे आहे, नुसत्या उतारावरून काहीच सिद्ध होत नाही. पण रेघेच्या वर, जमिनीवर, निमज्जनातूनच उपजावेत अशा धाटणीचे ग्रॅनाइट आणि ज्वालामुखी खडक आहेत. त्यांचे वय सुमारे १८७ ते १८४ कोटी वर्षे. शिवाय दूरच्या भूकंपांच्या लहरी येलोनाइफच्या भूकंपमापन केंद्रावर तपासून भूकंपशास्त्रज्ञ मायकेल बोस्टॉक यांनी तिथल्या प्रावरणातही थर दाखवले. ट्रकच्या मोजणीत काही चूक असलीच, तर ती या पद्धतीत येण्याचे कारण नाही. म्हणून ग्रेट बेअरपुरता मला निमज्जनाचा निष्कर्ष पटतो.

क्वेबेकमधल्या ॲबिटिबीच्या बाबतीत मात्र हात जरा आखडता घ्यावासा वाटतो. तिथेही अशीच रेघ दिसली; ती सुमारे २६९ कोटी वर्षांपूर्वीची मानली जाते आणि १९९५ साली ती निमज्जनाचा पुरावा म्हणून मांडली गेली. पण त्या काळी पृथ्वीचे पोट अधिक तापलेले होते, आणि भूपट्ट आजच्यासारखे बुडत होते का, हाच तर वादाचा मुद्दा आहे. तेव्हाही ते असेच बुडत असणार, असे आधी धरून रेघेचा अर्थ लावायचा आणि मग तीच रेघ त्याचा पुरावा म्हणून पुढे करायची, हे चालणार नाही.